आधी नाव, मग माफी : हिंगोली जिल्ह्यातल्या मुस्लिम वारसाहक्क चळवळीचा जाहीरनामा

हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांतल्या मुसलमान घरांपुढे आम्ही एक मागणी ठेवत आहोत. बाप गेला, आई गेली, की वारसाच्या अर्जात सगळ्या वारसांची नावे लिहा. मुलांची लिहिता तशी मुलींची लिहा, विधवेचे लिहा, म्हातारी आई जिवंत असेल तर तिचेही लिहा. शरियतने ज्याचा जेवढा हिस्सा ठरवून दिला आहे, तेवढा त्याच्या किंवा तिच्या नावावर चढवा. यात नवे काहीच नाही. हे चौदाशे वर्षांपूर्वी ठरले, देशाच्या कायद्यातही आले, आणि जुम्म्याच्या बयानात अधूनमधून कानावरही पडते. तलाठ्याच्या दप्तरापर्यंत मात्र ते पोचत नाही.

आम्ही याच जिल्ह्यातल्या बहिणी आहोत, विधवा आहोत, आणि बहिणीचा हिस्सा द्यायला तयार असलेले भाऊ आहोत. जिल्ह्याच्या वस्तीत आमचा समाज सुमारे एक दशांश. त्यात जमीनवाले थोडे, आणि जमीन आहे तीही बहुतेकांकडे चार-सहा एकरच. म्हणूनच एकेका गुंठ्याचा हिशोब आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

हिस्सा जातो कसा, ते आधी सांगतो. मय्यत घरात असते तेव्हापासूनच सुरुवात होते. गुस्ल झाले, कफन चढले, जनाजा उचलायची वेळ आली, की कुणीतरी वडीलधारी बाई विधवेच्या कानाशी वाकते आणि म्हणते, "मेहेर माफ कर दे, बेटी." त्या घडीला ती बाई कशालाही मान हलवेल, आणि तिने मान हलवली की माफी झाली असे समजले जाते. वास्तविक मेहेर हे नवऱ्याच्या अंगावरचे कर्ज आहे. आधी दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत, आणि त्यानंतर जे उरेल त्यात वारसांचे हिस्से, असा तरक्याचा, म्हणजे मयताने मागे ठेवलेल्या मालमत्तेचा, क्रम आहे. आपण किराणा दुकानदाराची उधारी फेडतो, सोसायटीचे कर्ज फेडतो, आणि बायकोचे कर्ज तेवढे तिच्या रडण्यात बुडवतो.

चाळिसावा उरकतो. भाऊ मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे जातात. काही ठिकाणी बहिणींची नावे अर्जातच नसतात. जिथे असतात तिथे महिना-दोन महिन्यांनी बहिणीला निरोप जातो, गाडी पाठवली जाते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कॅमेऱ्यापुढे तिचा फोटो निघतो, अंगठा मशीनवर ठेवला जातो. दस्तात लिहिलेले असते की मी स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता, माझा हक्क सोडत आहे. तो दस्त तिला कुणी वाचून दाखवत नाही. परत जाताना साडी, बांगड्या, पोरांना मिठाई. सही का केलीस असे विचारले तर आमच्यातल्या प्रत्येकीकडे एकच उत्तर होते : माहेर तुटेल. नवऱ्याने टाकले, सासरी जाच झाला, तर परत यायला दार एकच असते, आणि ते दार भावाच्या हातात असते. ही भीती खरी आहे. तिला हसून उडवून लावणाऱ्यांना आमच्या बायकांचे जगणे माहीत नाही. पण जिच्या नावावर पस्तीस गुंठे आहेत, तिला त्या दारापुढे रिकाम्या हाताने उभे राहावे लागत नाही, एवढे आम्ही पाहिले आहे.

पस्तीस गुंठे हा आकडा हिशोबातून आला आहे. सहा एकर जमीन, म्हणजे 240 गुंठे. माणूस वारला, आई-वडील आधीच गेलेले, मागे बायको, दोन मुलगे, दोन मुली. बायकोचा आठवा हिस्सा : 30 गुंठे. उरले 210. त्याचे सहा भाग : मुलाला दोन, मुलीला एक. प्रत्येक मुलाला 70, प्रत्येक मुलीला 35. वसमत-कुरुंद्याच्या बाजूला पाण्याखालच्या पस्तीस गुंठ्यांत हळद होते, आणि वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या हळदीची काढणी, शिजवणे, वाळवणे यांत बायकांचे हात सगळ्यांत जास्त राबतात. हळदीच्या पट्टीवर मात्र बाईचे नाव आम्हाला फारसे दिसत नाही.

मुलगाच नसेल तर? त्याच 240 गुंठ्यांत दोन मुली, विधवा आणि मयताचा भाऊ असे वारस असतील, तर दोन्ही मुलींना मिळून दोन तृतीयांश, म्हणजे 160 गुंठे, विधवेला 30, आणि भावाला उरलेले 50. आपल्याकडे होते काय, तर चुलता सगळीच जमीन कसू लागतो आणि पुतण्यांच्या लग्नाचा खर्च मी केला म्हणून सांगतो. हे प्रकरण फार जुने आहे. उहुदच्या लढाईत साद बिन रबी शहीद झाले. त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. विधवा दोन मुलींना घेऊन पैगंबरांकडे गेली. पुढे वारशाच्या आयती उतरल्या, आणि पैगंबरांनी त्या भावाला बोलावून सांगितले की मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे, मग उरेल ते तुझे. सूरह निसाच्या 11 व्या आणि 12 व्या आयतीत हे हिस्से अपूर्णांकांसकट दिलेले आहेत, आणि 7 व्या आयतीत म्हटले आहे की मालमत्ता थोडी असो की जास्त, आई-बापाने आणि जवळच्या नातेवाइकांनी मागे ठेवलेल्यात पुरुषांचा हिस्सा आहे तसा बायकांचाही आहे. नमाजाच्या रकाती किती हे कुराणात मोजून दिलेले नाही, पण मुलीचा हिस्सा किती ते मोजून दिले आहे. पाच वक्ताचा नमाजी बहिणीच्या हिश्शावर गप्प बसतो तेव्हा त्याला ही गोष्ट आठवून देणे हे आम्ही आमचे काम मानतो.

आता कायदा. 1937 चा शरियत कायदा ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झाला. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. 1959 च्या दुरुस्तीने तो कायदा जम्मू-काश्मीर सोडून साऱ्या देशाला लागू झाला. त्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमिनीचा विषय वगळला आहे, आणि त्या शब्दांचा आधार घेऊन शेतीला शरियत लागत नाही, सबब मुलीला जमीन नाही, असे आपल्याकडे सांगितले जाते. हे साफ चूक आहे. शेतजमीन हा तेव्हा प्रांतांचा विषय होता म्हणून ती वगळली गेली. मुलीला देऊ नका, असे त्या कायद्याने कुठेही म्हटलेले नाही. मद्रासने 1949 मध्ये आणि केरळने 1963 मध्ये ते शब्द काढून टाकले. उत्तर प्रदेशाच्या जमीन कायद्यात वारसांची वेगळी क्रमवारी आहे आणि तीत लग्न झालेल्या मुली मागे पडतात. महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेत तशी क्रमवारी नाही. इथली न्यायालये मुस्लिम शेतकऱ्याची जमीन मुस्लिम कायद्यानेच वाटत आली आहेत. तरीही आमची राज्य विधिमंडळाकडे मागणी आहे की केरळप्रमाणे ते शब्द इथेही काढून टाकावेत, म्हणजे बहिणीला फसवायचे हे निमित्त उरणार नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका निःसंतान विधवेच्या खटल्यात निकाल दिला. तिचा हिस्सा एक चतुर्थांश ठरला, आणि नवऱ्याने जिवंतपणी नुसता विक्रीचा करार करून ठेवला असला तरी ती मालमत्ता तरक्यातच मोजायची, असे न्यायालयाने सांगितले. सौदा झाला होता, आता वाटायला काही राहिले नाही, असे बोलून विधवेला परत पाठवणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

सातबाऱ्यावर नाव नसले म्हणजे हक्क गेला, असेही नाही. माणूस मरतो त्याच क्षणी प्रत्येक वारस आपल्या हिश्शाचा मालक होतो, फेरफाराने मालकी ठरत नाही. पण सातबाऱ्याविना बँक पीककर्ज देत नाही, पीएम-किसानचे पैसे येत नाहीत, आता शेतकरी ओळख क्रमांकही निघत नाही. तुकडेबंदीची भीती घालणाऱ्यांना आमचे उत्तर असे की नाव लावायला तुकडा पाडावा लागत नाही. सामाईक खात्यात नाव लागते, भाऊ कसतो, बहिणीला तिच्या वाट्याचे पैसे किंवा पोती देतो. ज्यांच्या मनात आहे त्यांनी हे आजही चालवले आहे.

बाप जिवंत असतानाच मुलीकडून लिहून घेण्याची एक पद्धत आहे : लग्नात दागिने, भांडी, गाडी दिली, आता हिस्सा मागणार नाही. मुस्लिम कायद्यात बाप जिवंत आहे तोवर वारसाकडे नुसती आशा असते, आणि नसलेला हक्क सोडता येत नाही. पण 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले की मोबदला घेऊन कुणी लिहून दिले असेल, तर पुढे हिस्सा मागताना ते तिच्या आड येऊ शकते. म्हणून बहिणींना आमचे सांगणे, अशा कागदावर सही करू नका. जहेज हा हिस्सा नाही. भावांच्या लग्नालाही खर्च झाला होता, तो कुणी त्यांच्या हिश्शातून कापला नाही.

वसियतीबद्दल आम्हाला जास्त बोलायचे आहे, कारण तिथे शरियतने वाट दिलेली असून आपण चालत नाही. मुसलमानाला आपल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसियत करता येते. पैगंबरांचे साथी साद बिन अबी वक्कास आजारी पडले. त्यांना एकच मुलगी होती. सगळे धर्मादाय देऊ का, अर्धे देऊ का, असे विचारत ते तिसऱ्या हिश्शावर आले, तेव्हा पैगंबरांनी सांगितले की तिसरा हिस्सा दे आणि तोही पुष्कळ झाला, वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा सधन सोडून जाणे बरे. सुन्नी कायद्यात जो आधीच वारस आहे त्याला इतर वारसांच्या संमतीशिवाय वसियत करता येत नाही, आणि ती संमतीही मृत्यूनंतरची धरतात. त्यामुळे एका लाडक्या मुलाच्या नावे सगळी जमीन वसियत करून ठेवली, तर बाकीच्यांनी मान्य केल्याशिवाय ती चालत नाही. अशा वसियती दाखवून ज्या बहिणींना गप्प केले आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

मग वसियत कुणासाठी? ज्यांना वारशाने काही मिळत नाही त्यांच्यासाठी, आणि आमच्या जिल्ह्यात अशी लेकरे आहेत. मराठवाड्यात तरणा मुलगा बापाच्या आधी जाणे ही गोष्ट दुर्मीळ राहिलेली नाही. कधी रस्त्यावरचा अपघात, कधी आजार, कधी कर्जापायी घेतलेले विष. त्याची बायको आणि पोरे सासऱ्याच्या घरात राहतात. पुढे आजोबा वारतात, दुसरे मुलगे हयात असतात, आणि कायद्याप्रमाणे त्या नातवंडांना एक गुंठाही येत नाही. चुलते म्हणतात, शरियतच आहे. हा प्रश्न मुस्लिम देशांनाही पडला. इजिप्तने 1946 मध्ये अशा नातवंडांसाठी वसियत झालीच आहे असे धरायचा कायदा केला. पाकिस्तानात 1961 पासून नातवंडे मेलेल्या बापाच्या जागी उभी राहतात. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण आजोबाच्या हातात एक तृतीयांश आहे! हयात मुलांमुळे नातवंडे वारस ठरत नाहीत, म्हणून त्यांना वसियत करायला कुणाची परवानगी लागत नाही. विधवा सून वारस नाही, तिलाही करता येते. पोटच्यासारखा वाढवलेला लेपालक वारस नाही, त्यालाही करता येते. जिल्ह्यात ज्या आजोबाच्या घरी बापाविना पोरे वाढत आहेत, त्याने ही वसियत याच वर्षी करावी, ही आमची पहिली विनंती आहे. आमच्या मते ती करायची हातात असून न करणे हा त्या लेकरांवर जुलूम आहे.

वसियत तोंडीही चालते, पण तोंडी वसियतीला साक्ष द्यायला वेळेवर कुणी उभे राहत नाही. ती लिहा. गट क्रमांक, क्षेत्र, कुणाला किती, हे स्पष्ट घाला. ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे दोन साक्षीदार घ्या. वसियतीला मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या, म्हणजे कागद हरवला म्हणता येणार नाही. मत बदलले तर मरेपर्यंत केव्हाही बदलता येते.

आता हिबा, म्हणजे दान. जिवंतपणी दिलेल्या हिब्याला तिसऱ्या हिश्शाची मर्यादा नाही. देतो म्हणणे, घेतले म्हणणे आणि ताबा देणे, एवढे पुरते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हाफिजा बीबींच्या खटल्यात सांगितले की असा हिबा लेखी असला तरी केवळ नोंदणी नाही म्हणून रद्द होत नाही. याच सोयीचा वापर करून कितीतरी बापांनी जमीन मुलांना दिली आणि मुलींसाठी तरकाच ठेवला नाही. त्यांना आम्ही नुमान बिन बशीर यांची हदीस ऐकवतो. त्यांचा बाप एकाच मुलाला दान देऊन पैगंबरांना साक्षीदार करायला गेला, तेव्हा पैगंबरांनी विचारले की सगळ्या लेकरांना असेच दिले का, आणि नाही म्हटल्यावर साक्षीदार व्हायला नकार दिला. जिवंतपणी देणार असाल तर मुलगा-मुलगी सारखे द्या. समान वाट्याची ही वाट शरियतच्या आतलीच आहे, आणि आमच्यातल्या ज्यांच्याकडे देण्यासारखे काही आहे ते तिनेच जाणार आहेत.

आमच्यात दोन मते आहेत, ती लपवत नाही. काहींना वाटते की मुलीचा हिस्सा मुलाइतकाच हवा. हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा नेला आणि 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, त्या परंपरेचे ऋण ते मानतात. केरळातले वकील सी. शुक्कुर यांनी 8 मार्च 2023 रोजी आपल्याच बायकोशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न लावले, तिन्ही मुलींना सगळा वारसा मिळावा म्हणून. तो मार्ग त्यांना रास्त वाटतो. इतरांना कुराणाने ठरवलेल्या प्रमाणात बदल मान्य नाही. दोघांचेही एका गोष्टीवर एकमत आहे : आज बहिणीला मिळते ते शून्य आहे, आणि शून्य कोणत्याही शरियतीत, कोणत्याही संविधानात बसत नाही. तलाकवर देशभर चर्चा झाली, निकाल लागला, कायदा झाला. तरक्याबद्दल मात्र आपल्या घरांतही बोलणे नाही, कारण त्यात गुंतलेली जमीन आपल्याच ताब्यात आहे.

आमच्या हिंदू आणि बौद्ध शेजाऱ्यांच्या बहिणीही हक्कसोड लिहून देतात. कायद्याने त्यांना महाराष्ट्रात 1994 पासून, देशभर 2005 पासून भावाइतका वाटा दिला, तरी दुय्यम निबंधकाच्या बाकावर त्या आमच्या शेजारीच बसलेल्या असतात. म्हणून हा जाहीरनामा हातात घेऊन कुणी मुसलमानांना झोडपू नये, आणि समाजाची बदनामी नको म्हणून कुणी आम्हाला दाबूही नये. 1990 च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा शेतकऱ्यांनी आपखुशीने बायकोच्या नावे जमीन केली, आणि ज्या गावात शंभर जणांनी केली ते लक्ष्मीमुक्तीचे गाव ठरले. याच महाराष्ट्रात, याच मातीत पुरुषांनी ते केले आहे.

आम्ही स्वतः काय करणार? आमच्यातला कोणताही भाऊ बहिणीकडून हक्कसोड घेणार नाही. तिला खरेच द्यायचे असेल तर आधी तिचे नाव लागेल, ताबा किंवा उत्पन्न तिला मिळेल, एक वर्ष जाईल, आणि मग तिने ठरवावे. जुन्या फेरफारात ज्यांनी बहिणी वगळल्या, ते स्वतःहून तहसीलला अर्ज करून दुरुस्त करतील, मग आजोबाच्या काळातले खासरा पाहणी पत्रक काढावे लागले तरी चालेल. जनाजा दारात असताना मेहेर माफीचा शब्द आमच्या घरात कुणी काढणार नाही.

उलेमांनो, मशिदींच्या इमामांनो, निकाहाचा कागद तुम्ही लिहिता. तसा दफनानंतर घरी जाऊन हिश्शांचा कागदही लिहून द्या : वारस कोण, कुणाला किती. तुमच्या एका कागदाने जे होईल ते आमच्या दहा सभांनी होणार नाही.

तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांना आमचे सांगणे कायद्यातलेच आहे. ज्यांचा संबंध असू शकतो अशा सर्वांना कळवणे जमीन महसूल संहितेच्या 150 व्या कलमाने बंधनकारक आहे. चावडीवर चिकटवलेली नोटीस सासरी असलेल्या बहिणीला दिसत नाही. तिच्या पत्त्यावर पाठवा, वारसांची यादी शिधापत्रिकेशी ताडून पाहा, मुलींचा रकाना रिकामा असेल तर विचारा. 2025 मध्ये सरकारने जिवंत सातबारा मोहीम घेऊन मयत खातेदारांची नावे कमी केली, वारस लावले. त्या मोहिमेत लागलेल्या नोंदी बहिणींच्या नावांसाठी पुन्हा तपासाव्यात.

बहिणींनो, वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती आहे, तिथे अर्ज द्या. वडिलांच्या गावचा सातबारा आणि फेरफार काढा, तो ऑनलाइनही निघतो. त्यात आपले नाव आहे का ते पाहा. नसेल तर आमच्याकडे या, आम्ही तुमच्याबरोबर तलाठ्याकडे येऊ, भावाशी बोलायलाही येऊ.

आणि भावांनो, ज्यांच्या घरी नुकतेच कुणी वारले आहे त्यांच्यासाठी : हक्काची खबर द्यायला कायद्याने तीन महिने दिले आहेत. तेवढ्यात अर्ज करा, आणि अर्जात बहिणीचे नाव लिहा.